धारेवरची ठेच

९ जुलै १९९६, मंगळवार

आज पहिला चाकू नापास केला. मुठीवर लाल रंगाचा ठिपका ठेवायला दोनदा कुंचला उचलून खाली ठेवला. मीच! ज्यानं चाकू केला तो आपला शांतपणे चहा पीत होता.

अठ्ठावीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात तपासणी केली. हजारो नग परत पाठवले असतील, एक दिवस जेवण कडू लागलं नाही. पण तिथे घड्याळ कुणी जोडलं ते माहीतच नसायचं. इथे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये सगळी मिळून अकरा माणसं. नापास म्हटलं की तो माणूस दहा पावलांवर उभा असतो आणि आपल्याकडे बघतो.

दोष काय, तर पातं मिटल्यावर मुठीत मधोमध बसायला हवं, ते केसभर डावीकडे झुकलंय. माळ्याला दाखवलं तर तो हसेल. आजवर हे घडीचे चाकू माळी आणि वायरमनच घेत होते, त्यांना काय! पण आता मालकांना, भगवंतरावांना, मुंबईच्या एका निर्यातवाल्यामार्फत परदेशची ऑर्डर मिळाली आहे. आठशे चाकू. ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांचा माणूस येणार आणि मनाला येतील ते पन्नास उचलून बघणार. दोनाहून जास्त खराब निघाले की सगळी ऑर्डर परत. म्हणून मला ठेवलंय.

नीलिमा म्हणते, "अहो, स्वेच्छानिवृत्ती घेतलीत ती घरी बसायला ना?" घरी बसून काय करू? गॅसचं बटण बंद आहे का ते दिवसातून दहा वेळा बघू?

११ जुलै, गुरुवार

ठिपकेवाला चाकू देवाप्पानं मागून घेतला. "दावा की सर." उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, पात्याच्या बुडाशी लाकडी हातोडीचा एक हलका ठोका. पातं मधोमध! "झालं, सर." पाच सेकंदही लागले नाहीत. मी दोन दिवस त्याची काळजी वाहत होतो.

देवाप्पा म्हणजे इथला मुख्य फिटर. अठ्ठावन्न वर्षांचा, मूळचा अथणीचा, राहायला चामराजपेटला. भगवंतरावांच्या वडिलांनी त्याला आणलं. भगवंतराव मालक असूनही त्याला अण्णा म्हणतात. पातं आणि स्प्रिंग एकमेकांशी जुळवायचं काम त्याचं. माप नाही, गेज नाही. कानस, डोळा आणि अंगठा. शेडमधून बाहेर पडणारा प्रत्येक चाकू त्याच्या हातून गेलेला असतो.

मला हे जरा भीतीदायकच वाटतं. सगळं एकाच माणसाच्या अंगठ्यावर!

२० जुलै, शनिवार

माझं टेबल ग्राइंडरपासून हलवलं. मागची अडगळीची खोली झाडून घेतली, तिथे बसतो. शांतता हवी. मी चाकू आधी कानानं तपासतो, मग डोळ्यानं. कानाशी धरून पाच वेळा मिटायचा. टक्! स्प्रिंग चांगली असेल तर आवाज कोरडा, एकच. ढिली असेल तर फुसका. मग डोळ्याला भिंग लावून बाकीचं — फट, ओरखडा, रिवेटचं डोकं, धार.

घड्याळाच्या कारखान्यात मला सगळे कानवाला म्हणायचे. चालतं घड्याळ नुसतं कानाशी धरून सांगायचो, किती पुढे जाईल. भगवंतरावांना हे सांगितलं तर त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा रे, ह्याला म्हणतात तपासणी." संकोच वाटला. बरंही वाटलं.

५ ऑगस्ट, सोमवार

नवा दोष.

चांगली धार दिव्याखाली आडवी धरली तर दिसतच नाही, इतकी बारीक असते. जिथे चमकेल तिथे ती बोथट. आज तीन चाकूंवर टोकापासून बोटभर अलीकडे एक चमकता ठिपका दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा. भिंगातून बघितलं तर धार तिथे दबलेली. कशावर तरी आपटल्यासारखी. ठेच लागल्यासारखी. मी नोंदवहीत "धारेला ठेच" असंच लिहिलं.

रोशननं कारण लगेच सांगितलं. रोशन इथला दुसरा फिटर, मोठ्या टूलरूममध्ये काम करून आलेला. पात्याच्या बुडाला एक उंचवटा असतो, त्याला हे लोक टाच म्हणतात. चाकू मिटला की पातं टाचेवर टेकतं आणि धार आतल्या स्प्रिंगपासून सुटी राहते. टाच कानशीनं जास्त घासली गेली की धार आत जाऊन स्प्रिंगवर आदळते. झाली ठेच!

आणि टाच घासतो कोण? देवाप्पा. रोशन हे बोलला नाही. त्यानं नुसतं तिकडे बघितलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज अठ्ठावीसपैकी सात. सगळ्यांना त्याच जागी ठेच.

नोंदवही मिटून बसलो. कुणाला सांगू? न सांगावं तर तो परदेशचा माणूस येऊन सांगेल, मग ऑर्डर गेली. सांगावं तर देवाप्पा. नोकरी धरून दीड महिना झाला नाही तर ही वेळ!

१७ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. भगवंतराव बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "तुम्ही आलात म्हणून सापडलं हो. आम्ही इतकी वर्षं आंधळेच होतो."

देवाप्पाला बोलावलं. तोही बघत राहिला. मग म्हणाला, "टाच मी अशी कधी खाली नेलेली न्हाई." आवाज चढवला नाही. "द्या सर, मी नीट करून आणतो."

दगडावर तेल घालून धारा घासल्या, ठेचा काढल्या आणि दहा चाकू माझ्यासमोर ठेवले. माझ्या देखत एकेक भिंगाखाली धरला, मी मान डोलावली. स्वच्छ होते. "आता बघा सर तुमच्या पद्धतीनं."

कानानं तपासले. मग भिंगानं. दहापैकी सहांना पुन्हा ठेच!

देवाप्पानं एक चाकू उचलला. अंगठा टाचेवरून फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, काहीतरी बोलावं. काय बोलणार? भिंगात दिसत होतं ना!

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आणखी एक काळजी. स्प्रिंगचा आवाज दबका यायला लागलाय. जुलैमध्ये टक् कसं खणखणीत होतं! आता जोर लावून मिटावं तेव्हा कुठे नीट येतं. देवाप्पाला विचारलं, स्प्रिंगला तापवून पाणी देताना काही बदललं का? "न्हाई सर. आवाज तोच हाय की." मी वाद घातला नाही. तोच कसा असेल!

आजचे नापास अकरा.

२ सप्टेंबर, सोमवार

देवाप्पा अर्ध्या दिवसाची रजा टाकून डोळे दाखवून आला. मला वाटलं, मोतीबिंदू निघावा. किती वाईट विचार! पण मोतीबिंदू निघाला असता तर सगळं सरळ होतं. काढला की झालं.

डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की मी नोंदवहीत डोकं घातलं. डोळे चांगले, म्हणजे हात गेले. दुसरं काय राहिलं? दुपारी तो दोन्ही हात पुढे धरून ट्यूबलाइटखाली उभा होता. बोटं थरथरतात का बघत होता. मी मागे फिरलो. त्यानं मला पाहिलं नसावं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

देवाप्पाला घरी बसवलं.

भगवंतरावांनी फार सांभाळून सांगितलं. "अण्णा, ऑर्डर जाईपर्यंत स्वल्प विश्रांती घ्या. मग बघू." देवाप्पा मान डोलावून "सरी" म्हणाला. व्हाइस, पातं पकडायचा तो शिकंजा, पुसला, एप्रन घडी करून ठेवला. जाताना माझ्या खोलीच्या दारात आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाला, "बरं केलं सर. खराब माल माझ्या नावानं भाईर गेला असता तर..." 

शिव्या घालायला हव्या होत्या.

८ सप्टेंबर, रविवार

नीलिमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम केलंत." हे मी स्वतःला दोन दिवस सांगतोच आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर पटेल असं वाटलं होतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

गणपती बसवले. आरती म्हणताना मधलं एक कडवंच विसरलो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

देवाप्पाच्या जागी रोशन. त्याचं काम वेगळंच, प्रत्येक टाच व्हर्नियरनं मोजतो. पण अजून जुनाच माल संपवतोय, त्याच्या हातचे चाकू पुढच्या आठवड्यात येतील.

आज त्यानं मला एक पुडकं दाखवलं. फडक्यात गुंडाळलेल्या कानशी, चौदा. सगळ्यांना बाभळीच्या मुठी, प्रत्येक मूठ अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली. देवाप्पानं पाठवल्या होत्या. "माझ्या हातात आता शोभत न्हाईत, तू वापर." रोशनही जरा हादरलेला दिसला. म्हणाला, "घ्यायच्या की परत पाठवायच्या, सर?" मी म्हटलं, ठेव सध्या. ठेव सध्या! हे काय उत्तर झालं?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

रोशनचा पहिला लॉट. चाळीस चाकू.

नऊंना ठेच. त्याच जागी, टोकापासून बोटभर अलीकडे.

भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. नऊच. रोशन भडकला, "सर, टाच ड्रॉइंगप्रमाणे आहे. हे घ्या, तुम्हीच मोजा!" मोजली. बरोबर आहे. भगवंतराव म्हणतात, पोलादच खराब आलं असेल. पोलाद खराब असेल तर देवाप्पा? हा प्रश्न मी विचारला नाही, त्यांनीही काढला नाही.

तपासायच्या आधीचे सहा चाकू पिशवीत घालून घरी आणलेत. बसमध्ये पिशवी पोटाशी धरून बसलो होतो. कंडक्टरनं दोनदा बघितलं.

६ ऑक्टोबर, रविवार

लिहवत नाही. पण लिहितो.

सकाळी व्हरांड्यात बसलो होतो. नीलिमा समोर घेवडा निवडत होती. मी पहिला चाकू पिशवीतून काढला, कानाशी धरला आणि मिटला. ती दचकली. "अहो, केवढ्यानं! बघायच्या आधीच त्याला असं आपटता कशाला?"

आपटता?

मी म्हटलं, आवाज ऐकायला. आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडताच चाकू तसाच कानाशी राहिला.

दुसरा चाकू घेतला. आधी भिंग लावलं. धार स्वच्छ. मग कानाशी नेऊन नेहमीसारखा पाच वेळा मिटला. पुन्हा भिंग. ठेच! तिसरा, आधी स्वच्छ, नंतर ठेच. चौथ्याला नाही, पण पाचव्याला ठेच. सहावा हळूच मिटला, जसा कुणीही माणूस खिशात घालण्याआधी मिटेल तसा. वीस वेळा. काही नाही! स्वच्छ!

हळू मिटलं की टाच पात्याला अडवते. दाणकन मिटलं की पातं टाचेवर आदळून क्षणभर पुढे वाकतं आणि धार स्प्रिंगवर आपटते. म्हणजे टाच बरोबर होती. पोलाद बरोबर होतं. देवाप्पाचा हात बरोबर होता. दोष मीच करत होतो, आणि मीच शोधत होतो, आणि मीच लाल ठिपका लावत होतो. त्यानं नीट करून दिलेले दहा चाकू मी त्याच्यासमोर बसून खराब केले आणि वर त्यालाच दाखवले!

नीलिमानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. घेवडा निवडायला घेतला. तिनं माझ्या हातातून काढून घेतला, मी शेंगा टाकून देठ ठेवत होतो.

७ ऑक्टोबर, सोमवार

उद्या सांगतो. आज भगवंतराव बँकेत गेले होते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नाही सांगितलं. कानाची तपासणी गुपचूप बंद केली आहे. नुसतं भिंग.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवसांत ऐंशी चाकू, एकही ठेच नाही. होणारच कशी! भगवंतराव पेढे घेऊन आले. "नव्या हाताचा गुण बघा!" रोशनची पाठ थोपटली. रोशन माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत आहे की त्यानं काहीही बदललेलं नाही. मी पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अजून नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी जाईल म्हणून घाबरतोय असं वाटलं होतं. ते नाही. नोकरी गेली तर गेली. कानवाला म्हणायचे मला. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या जिवावर मान ताठ ठेवली तेच निघालं हे! घड्याळ नाजूक असतं, ते कानाशी अलगद धरायचं असतं. चाकूला मी घड्याळवाल्याचा कान लावला आणि हमालाचा हात. हे लोकांसमोर कबूल करायला लाज वाटते, हे खरं कारण.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

भगवंतराव जेवताना सहज म्हणाले, "रविवारी आयुधपूजा, पण आपण शनिवारीच उरकू. यंदा अण्णांच्या व्हाइसवर रोशनच पूजा करेल. त्याला तिथे कायम करतो. अण्णांना आता बोलवण्यात अर्थ नाही, त्यांनाच त्रास."

मी ताक प्यायलो. पूर्ण ग्लास. मग हात धुवायला गेलो आणि नळ चालू ठेवून उभा राहिलो.

माणसाला भ्याड म्हणतात ते काय वेगळं असतं?

१९ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं!

शेड धुऊन काढली होती. यंत्रांना झेंडू, चुनखडीच्या रेघा, दाराशी कुंकू भरलेला कोहळा. चुरमुरे, फुटाण्यांच्या पुड्या. रोशन अंघोळ करून, कपाळाला गंध लावून देवाप्पाच्या व्हाइससमोर उभा. त्यानं त्या चौदा कानशीही व्हाइसजवळ ओळीनं मांडल्या होत्या. हळदीत बोट बुडवलं आणि मी ओरडलो, "थांब!" इतक्या मोठ्यानं की सगळे वळले. पूजेला आलेल्या बायका दचकल्या.

मग सर्वांसमोरच झालं. एक चाकू घेतला, भिंग भगवंतरावांच्या डोळ्याला लावलं, धार दाखवली. कानाशी धरून पाच वेळा मिटला, पुन्हा दाखवली. एक शब्द न बोलता. मग बोललो. काय बोललो ते आठवत नाही, शेवटी आवाज फाटला एवढं आठवतं.

भगवंतरावांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं. मी हिशोब धरून चाललो होतो की हाकलून देतील. ते एवढंच म्हणाले, "अण्णांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मालक कीव करतोय." मग रोशनला म्हणाले, "हात धू. पूजा मी करतो."

कोहळा फुटला तेव्हा मी बाहेर रस्त्यावर होतो.

२० ऑक्टोबर, रविवार

चामराजपेट. गल्लीत प्रत्येक रिक्षाला, सायकलीला हार. देवाप्पाचं घर एका शिंप्याच्या दुकानामागे. दारात त्याची बायको चंद्राबाई. "या बसा की. ह्ये तर दीड म्हैना झाला, कशाला म्हणून हात लावंना झालेत. इळीला धार लावा म्हटलं तर म्हणतेत, शेजाऱ्याला सांग."

देवाप्पा आत खाटेवर. मला बघून उठायला लागला. मी उभ्यानंच सांगून टाकलं.

त्याला पटलंच नाही! ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "सर, तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलायलाय. तुमची नजर चुकायची न्हाई." मी शपथ घेतली. तो हसला. "असू द्या हो. वय झालं की हात जातोच." माझी तपासणी इतकी पक्की, की मी स्वतः खोटी म्हणतोय तरी त्याला खरी वाटते! रडू यायच्या बेतात होतो.

शेवटी पिशवीतून चाकू काढला. आधी भिंग त्याच्या हातात दिलं. मग मिटला. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा भिंग दिलं.

तो बघत राहिला. भिंग खाली ठेवलं, चाकू उचलला, उघडला आणि टाचेवरून अंगठा फिरवला. 

मग त्याचा चेहरा लाल झाला. "दीड म्हैना," तो म्हणाला. "दीड म्हैना मी सकाळी उठून हात बघतोय, सर. पाण्याचा तांब्या दोनी हातांनी धरतोय. हिला सांगितलं, आता माझं काय खरं न्हाई." आवाज वाढत गेला. "आणि तुमी तिकडं चाकू आपटायला लागला होता? लहान पोरगंबी चाकू असा मिटत न्हाई!" चंद्राबाई "अहो, अहो" करत होती. "जावा सर. आज सणाचा दिस हाय, जावा."

मी गेलो. चुकलेला माणूस आणखी काय करणार? पण बसस्टॉपवर उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट श्वास आला. शिव्या बसल्या एकदाच्या!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सव्वाआठला देवाप्पा आला. कुणाला काही न बोलता एप्रन बांधला. रोशननं कानशींचं पुडकं समोर ठेवलं. देवाप्पानं एक काढली, बाकीच्या त्याच्याकडेच सरकवल्या. "तू बी वापर की. मोजून बरं काम करतोस."

माझ्याकडे आला नाही. भगवंतरावांना मी विचारलं, माझं काय? ते म्हणाले, "तुमचं काय म्हणजे? पुढच्या सोमवारी माणूस येतोय. नापास केलेले सगळे चाकू घासून घ्यायचेत, मग पुन्हा तपासायचेत. बसा तिकडे."

दुपारपर्यंत देवाप्पानं एकोणसाठ चाकूंच्या ठेचा काढल्या. हात दगडासारखा स्थिर. मी खोलीच्या दारातून बघत होतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत देवाप्पा माझ्या खोलीत आला. ग्राइंडर बंद होता, शेड अगदी शांत. म्हणाला, "कानाची तपासणी बंद केली म्हणं. करू नका सर. स्प्रिंग आवाजावरच कळते, त्ये तुमचं खरं हाय. फक्त हळू मिटायचा. हळू मिटला तरी येतो की आवाज." माझ्या शेजारी स्टुलावर बसला, चाकू माझ्या उजव्या कानाशी धरला आणि बोटानं अलगद मिटला. मग डाव्या कानाशी. "कसं स्वच्छ आलं बघा. आलं न्हवं?"

मी म्हटलं, "आलं."

काहीच ऐकू आलं नव्हतं, एकाही कानाला. ऑगस्टपासून दबका झाला होता तो स्प्रिंगचा आवाज नव्हता, माझा कान होता. तो पातं उघडमीट करत होता, त्याची बोटं मला दिसत होती. त्यानं पुढचा चाकू उचलला.